कोंबड्यांच्या राखणीला कोण बसणार?

प्रश्न : मुंबईतली नोकरी संपवून आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी चिपळूण तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला आलो. मागीलदारी जाळीचं खुराडं बांधून सहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलाय. रोज संध्याकाळी मी त्यांना परसात सोडते आणि खुर्ची टाकून राखायला बसते. त्यावरून घरात रोज थट्टा चालते. आमच्या ह्यांचं म्हणणं, ‘सोडायच्या तर गावातल्यासारख्या दिवसभर सोड, नाहीतर कोंडून ठेव. हा पॅरोल कसला?’ शेजारच्या काकी म्हणतात, कोंबड्या राखायला बसलेलं माणूस जन्मात पाहिलं नाही. मला विचारायचंय ते असं : तासाभराने कोंबडीला खरंच काही फरक पडतो का? मी बसते त्याचा उपयोग होतो, की ती माझीच करमणूक? आणि अंधार पडायच्या आत सगळ्या आपणहून आत जातात, ते त्यांना कोण सांगतं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, करमणूक आहेच, ती नाकारायचं कारण नाही. पण काकींचं हसणंही मला समजतं. कोकणात राखणीचा आणि कोंबड्याचा संबंध जुना. वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा द्यायचा आणि त्याने वाडीची, गुराढोरांची, माणसांची राखण करायची. तुम्ही कोंबड्याचीच राखण करायला बसलात. गाव हसणारच.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. कोंबडीला रातांधळं असतं हे गावात कुणीही सांगेल, आणि ते बरोबर आहे. दिवसा तिची नजर आपल्याहून तिखट. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला दिसतो. पण अंधूक उजेडात बघायची ताकद तिच्याकडे फार थोडी. दिवस कलला की तिला डोळ्यांसमोरचं जग पुसट व्हायला लागलेलं कळतं, आणि पूर्ण पुसायच्या आत उंचावरची, ओळखीची, पायाने घट्ट धरता येईल अशी जागा गाठायची घाई सुटते. रानात तिचे पूर्वज याच वेळी फांदीवर चढतात. तुमच्या खुराड्यातला आडवा बांबू म्हणजे तीच फांदी.

म्हणजे कोंबड्या आत हाकायचं काम तुमचं नाहीच, ते मावळता सूर्य करतो. म्हणून मोकळीक सकाळची नको, संध्याकाळची हवी. सूर्यास्ताच्या आधी दीड-दोन तास दार उघडायचं : डिसेंबरात साधारण सव्वाचारला, जूनमध्ये पाचनंतर. सकाळी सोडलेल्या कोंबड्या कधी परतायच्या हे त्या ठरवतात आणि तुम्ही हातात काठी घेऊन माडांमधून धावत बसता. कोंबडीच्या मागे धावून कोंबडी घरी आलेली मी पाहिलेली नाही. धावणारा दमतो आणि कोंबडी शिकते की हे माणूस दिसलं की पळायचं.

संध्याकाळच्या वेळेचा आणखी एक फायदा. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या प्रहरात घालतात. एक अंडं तयार व्हायला पंचवीसेक तास लागतात, म्हणून रोजची वेळ थोडी थोडी पुढे सरकते, आणि फार पुढे गेली की एक दिवस खाडा. तरी चार वाजेपर्यंत अंड्यांचा कार्यक्रम जवळजवळ आटोपलेला असतो. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला करवंदीच्या जाळीत स्वतःची गुप्त जागा सापडते आणि एक दिवस ती गायबच होते. तीन आठवड्यांनी आठ पिल्लं घेऊन दिमाखात अंगणात येते, किंवा येतच नाही.

सोडायच्या आधी पोटभर घालू नका. थोडी भूक हवी. आत घ्यायच्या वेळी पत्र्याच्या डब्यात मूठभर कण्या खुळखुळवायच्या, ‘तीऽ ती ती ती’ करायचं, आणि त्या कण्या खुराड्यातच टाकायच्या, बाहेर कधीच नाही. आठवड्याभरात डब्याचा आवाज त्यांच्या डोक्यात पक्का बसतो. पुढे मध्येच कुत्रं दिसलं, पाऊस आला, तर हाच डबा उपयोगी पडतो. नवी तलंग आणलीत तर पहिले आठ-दहा दिवस तिला बाहेर काढू नका. घर कुठलं हे तिला आधी कळू दे.

आता तासाभराने काय फरक पडतो ते. इंग्लंडमध्ये मेरियन डॉकिन्स या प्राणिवर्तनाच्या अभ्यासक बाईंनी प्राणिसंग्रहालयातल्या लाल रानकोंबड्यांच्या दिनक्रमाची मिनिटामिनिटाची नोंद ठेवली आणि ती १९८९ साली प्रसिद्ध केली. या पक्ष्यांना खाणं नियमित मिळत होतं. तरीही निरीक्षणाच्या साठ टक्के मिनिटांत ते जमिनीवर चोच मारत होते आणि चौतीस टक्के मिनिटांत पायांनी उकरत होते. ताटात वाढलेलं असताना हे का? याचं नेमकं उत्तर पक्षीच देतील, पण पाळीव कोंबड्यांवरच्या प्रयोगांतही तेच दिसलंय : समोर आयते दाणे असताना त्या काही दाणे कष्टाने मिळवायला जातात. उकरणं हे तिच्या लेखी पोट भरण्याचं साधन आहेच, पण ते तिचं कामही आहे. निवृत्तीनंतर परसात आळी करत बसणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मूळ पूर्वज लाल रानकोंबडा असला तरी आपल्या सह्याद्रीचाही तिच्यात वाटा आहे. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये तो पिवळा रंग देणारा जनुक राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली संशोधकांना आढळलं. हा राखी रानकोंबडा म्हणजे पहाटे तुमच्या वरच्या जंगलातून तुटक, चिरक्या आवाजात आरवतो तोच. तुमच्या सहांपैकी एखादीचे पाय हळदीसारखे असतील, तर तिचं माहेर म्हणे डोंगरापलीकडेच.

बाहेर त्यांना मिळतं काय? मागे घरची एक कोंबडी कापली, तेव्हा उत्सुकतेपोटी गळ्याखालची पिशवी उघडून बघितली. गवताचे शेंडे, बारीक बिया, लाल मुंग्यांची अंडी, शंखासकट गिळलेली चिमुकली गोगलगाय, भाताचे चारपाच दाणे आणि माझ्याच सदऱ्याचं एक बटण. ही पिशवी म्हणजे तिची पिठाची पिशवी. गिरणी पुढे आहे. कलेजीबरोबर जो पेटा मिळतो ती गिरणी. दात नसल्याने कोंबडी बारीक खडे गिळून त्या पेट्यात साठवते आणि त्यावर दाणा भरडते. जाळीत कोंडलेल्या कोंबडीला हे खडे मुद्दाम द्यावे लागतात, परसातली स्वतः निवडून घेते.

आत शिरताना एखादीला हळूच उचलून गळ्याखाली, उजवीकडे बोटं लावून बघा. पिशवी लिंबाएवढी, गच्च पण दाबली तर दबणारी लागेल. सकाळी ती रिकामी हवी. सकाळीही तशीच टणक राहिली तर लांब, चिवट गवत अडकलंय समजायचं आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. लांब वाढलेल्या गवतात सोडू नका ते याचसाठी. आधी कापून घ्या.

पण तासाभराच्या चरण्यावर कोंबडी जगते या भ्रमात राहू नका. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागतं. तुमच्या सात जणांना मिळून पाऊण किलोच्या आसपास. बाहेरचं खाणं हे लोणचं-कोशिंबीर. वरणभात तुम्हीच वाढायचा. कवचासाठी लागणारं चुन्याचं तत्त्वही उकरून पुरेसं मिळत नाही. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि कवच चढायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेच रात्रीचे. म्हणून कुटलेले शिंपले संध्याकाळी, आत घेतानाच ठेवा. कोकणात शिंपले विकत आणायची वेळ येऊ नये.

पिवळा बलक गर्द केशरी झाला की लोक म्हणतात, बघा, मोकळ्या कोंबडीचं अंडं. रंग येतो हे खरं, हिरव्या पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे. पण तोच रंग झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालून पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या अंड्यालाही आणता येतो, आणि आणतात. त्यामुळे रंगावरून कोंबडीचं चारित्र्य ठरवू नये.

आता तुमच्या खुर्चीकडे येऊ. ती कशासाठी?

तुमच्याकडे कोंबडा आहे, म्हणजे अर्धी राखण आधीच चालू आहे. तो काय बोलतो ते शिकून घ्या. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की कोंबडा एक बारीक, लांब, जरा शिट्टीसारखा आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपाखाली दडून जमिनीला चिकटतात. जमिनीवरून कुत्रं, मांजर, मुंगूस आलं तर तो आवाज नाही. तेव्हा तुटक, ठासून, पुन्हा पुन्हा ‘कट्-कट्-कटाक्’ असा कलकलाट, आणि कोंबड्या दडण्याऐवजी माना ताठ करून इकडेतिकडे बघतात. ख्रिस्तोफर एव्हान्स, पीटर मार्लर या संशोधकांच्या १९९३ सालच्या प्रयोगात समोर शत्रू कुणीच नसताना कोंबड्यांना हे आवाज नुसते ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते. आकाशाच्या इशाऱ्याला त्या आडोशाला पळून वर बघू लागल्या, जमिनीच्या इशाऱ्याला उभ्या राहून सभोवार. म्हणजे ही नुसती घाबरगुंडी नाही, त्यात बातमी आहे. तुम्ही वर्तमानपत्र वाचत बसलात तरी चालेल, कान मात्र तिकडे. शिट्टी झाली तर बसल्या जागी हात वर करून हालवलात तरी पुष्कळ. कलकलाट झाला तर उठायचं.

याच कोंबड्याची दुसरी कलाही बघा. दाणा सापडला की तो चोचीत उचलतो, टाकतो, परत उचलतो आणि ‘कुक् कुक् कुक्’ करून कोंबड्यांना बोलावतो, स्वतः खात नाही. कधी कधी समोर काहीच खाण्याजोगं नसतं तरी बोलावतो, विशेषतः कोंबडी लांब असेल तेव्हा. असे यजमान आपणही पाहिलेत.

तुम्ही धास्ती घारीची धरत असाल. घार पिल्लं उचलते, कावळाही उचलतो. भारद्वाजाचाही पिल्लांवर आणि अंड्यांवर डोळा असतो. पण दोन किलोच्या वाढलेल्या कोंबडीला घार सहसा हात घालत नाही. मोठ्या कोंबडीला आकाशातून खरी भीती मोरघारीची, आणि ती वाडीत रोज येत नाही. रात्री कांडेचोर, रानमांजर, बिबट्या, पण तेव्हा त्या कडीकोयंड्यात. संध्याकाळच्या तासाला पहिला शत्रू गावातलं कुत्रं. ते अनोळखी नसतंच, रोज तुमच्या पायरीवर पोळी खाऊन जाणारं असतं.

माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी पाच कोंबड्या सोडून मी चौथऱ्यावर बसलो होतो. फोन वाजला, आवाज नीट येईना म्हणून पडवीतून पुढच्या अंगणात गेलो. दोन मिनिटं बोललो असेन. परत आलो तर चार कोंबड्या शेवग्याखाली दगडासारख्या बसलेल्या, आणि पाचवीची पिसं गडग्याच्या भगदाडापर्यंत ओळीने. कलकलाट झाला असणार, मला फोनमध्ये ऐकू आला नाही. तेव्हापासून मी फोन घरात ठेवून बसतो, आणि आधी गडगा एकदा फिरून बघतो.

खुर्ची कुठे टाकायची? घराकडे पाठ आणि गडग्याच्या मोकळ्या बाजूकडे तोंड. कोंबड्यांकडे बघत बसायचं नाही, कुत्रं जिथून येईल तिकडे बघायचं. हातात काठी असू दे, वापरायची वेळ बहुधा येत नाही. माणूस तिथे बसलंय हेच कुत्र्याला पुरतं.

त्यांना जवळ कसं ठेवायचं? कुंपणापेक्षा सोपा उपाय सांगतो. परसात कुजकी झावळ पडलेली असेल तर ती उचलून उलटी करा. खाली ओलसर माती, वाळवीची पांढरी रांग, पैसा, गोम, दोन गांडुळं. कोंबड्या एकमेकींना ढकलत तुटून पडतील, आणि वाळवी संपेपर्यंत शब्द नाही. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही वाकलात की सहाच्या सहा तुमच्या पायात. मग त्या लांब जातच नाहीत, कारण माणूस हाच झावळ उचलणारा प्राणी आहे हे त्यांना कळलेलं असतं. दररोज एकच झावळ उलटायची, सगळ्या एका दिवसात संपवायच्या नाहीत. एवढं धोरण हवं.

दुपारचं ऊन उतरलेल्या कोरड्या जागी त्या आडव्या होऊन मातीत लोळतील, पंखांत धूळ भरून घेतील, डोळे मिटतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोंबडीला झटका आला. तिची ती आंघोळ आहे, वीस-पंचवीस मिनिटांची. उवा आणि पिसांवरचा जास्तीचा तेलकटपणा त्याने जातो. त्या खळग्यात चुलीची गार राख टाका.

परसाचं नुकसान होणार. मिरचीची रोपं, मेथीचा वाफा, नुकतं घातलेलं आळं कोंबडीच्या दृष्टीने तिच्यासाठीच भुसभुशीत केलेलं असतं. रोपांच्या बुडाशी दगड मांडा, वाफ्यावर बोरीची काटेरी फांदी टाका. भांडून उपयोग नाही.

कचऱ्याकडे मात्र लक्ष हवं. थर्माकोलचे गोळे कोंबड्या वेड्यासारखे खातात, का ते देव जाणे. फुटकी काच, खिळा, रबरबँड, उंदराच्या औषधाने मेलेला उंदीर हेही सगळं उचलून टाका. आंब्याच्या मोहोरावर तुम्ही किंवा शेजाऱ्यांनी फवारणी केली असेल तर काही दिवस त्या झाडांखाली सोडू नका. थेंब गवतावर पडलेले असतात आणि मेलेले किडे कोंबडीला आयते.

पावसाळ्यात चिखलात सोडू नका. ओल्या, घाणेरड्या जमिनीवर रक्ती हगवण आणि जंत लागतात. उघडीप मिळाली, जमीन जरा सुकली, तर अर्धा तास पुरे. बाहेर फिरणाऱ्या कोंबडीचा शेजारच्या कोंबड्यांशी संबंध येतो, तेव्हा मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आणि बर्ड फ्लूची बातमी जवळपासची असेल तर मोकळीक बंद. देशातली त्याची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला निघाली होती, तेव्हा ती लांबची गोष्ट समजू नये. एकदम दोनतीन कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवायचं.

राहिलं तुमच्या यजमानांचं म्हणणं. गावातल्या कोंबड्या दिवसभर हिंडतात हे खरं, पण तो हिशेब वेगळा आहे. ज्यांच्याकडे पंधरा-वीस कोंबड्या आणि त्यातल्या दोनतीन कायम खुडूक, त्यांची महिन्याला एखादी कमी झाली तर रवणीखालून भरून निघते. बारा पिल्लांतली चार मोठी झाली तरी कुणी रडत नाही. सहा कोंबड्यांच्या घराला तो हिशेब परवडत नाही, आणि नावाने हाक मारली जाते अशा कोंबड्या असतील तर मुळीच नाही. (तुम्ही नावं ठेवलीत की नाही ते लिहिलेलं नाही, पण अंदाज आहे.) उरलेला दिवस जाळीत, संध्याकाळी राखण करून बाहेर, हा तुमचा पॅरोल मला तरी दोन्हींपेक्षा बरा वाटतो. यजमानांना खुर्चीवर आठवडाभर बसवून बघा. कोंबड्याचे दोन आवाज ओळखायला आले की ते उठायचे नाहीत.

दार लावण्याआधी मोठ्याने मोजायचं, सात होईपर्यंत. सहाच भरल्या तर घाबरून रानात शिरू नका, आधी बॅटरी घेऊन फणसाच्या खालच्या फांद्या बघा. वाळवीच्या नादात उशीर झालेली कोंबडी खुराड्यापर्यंत पोचत नाही, जवळच्या फांदीवर चढते आणि तिथेच झोपते. बॅटरी विझवा, दोन्ही हातांनी पंखांवरून धरा आणि उतरवा. अंधारात ती अजिबात झटापट करणार नाही, कुरकुरेल तेवढं.